अ‍ॅपमधले घटकही छापा

मोबाइल अ‍ॅप आता कोणी पहिल्या ओळीपासून लिहीत नाही. लॉगिन, नकाशा, पैसे भरणे, वापराची मोजदाद यांचे तयार भाग जोडून ते उभे राहते. त्यात गैर काही नाही. पण असा भाग आपल्या मूळ मालकालाही माहिती पाठवू शकतो. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ अ‍ॅपमधून गर्भधारणेची माहिती अशाच भागांमार्फत फेसबुक, गूगलपर्यंत गेल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. २०२१ मध्ये तडजोड झाली. औषधाच्या वेष्टनावर घटक छापावे लागतात. आरोग्याच्या अ‍ॅपनेही कोणता भाग कोणाला काय कळवतो, हे आधीच सोप्या मराठीत सांगावे. सांगत नसेल, तर पाळीच्या तारखांना भिंतीवरचे कॅलेंडर पुरेसे आहे.