यंत्र ‘नको’ म्हणतें तेव्हां

मुलुंडच्या एका वाचकांचें पत्र आलें आहे. घर एकत्र, माणसें चौदा, आणि वादाचें कारण एक जुना सर्व्हर. त्यांच्या पुतण्यानें एका कचेरीच्या मोडींतून डेल कंपनीचा ‘पॉवरएज आर ७१०’ अल्प किंमतींत घरीं आणला. त्याचा बेत असा कीं, या एका यंत्राच्या पोटांत तीन आभासी यंत्रें वसवावीं. एकांत घरचीं छायाचित्रें व आजोबांच्या हस्तलिखित पोथ्यांच्या प्रतिमा, दुसऱ्यांत थोरल्या बंधूंचा केवळ विंडोज ७ वरच चालणारा हिशेबाचा प्रोग्रॅम, तिसऱ्यांत मुलांचा अभ्यास. बेत सुरेख, परंतु व्हीएमवेअरची ‘ईएसएक्सआय’ ही प्रणाली चढवूं जातां पडद्यावर लेख उमटला कीं, या यंत्राचा प्रोसेसर आम्हांस मान्य नाहीं. पुतण्या म्हणतो, सुरुवातीस एक शब्द टाइप केला कीं काम भागतें. थोरले बंधु म्हणतात, लोखंड आहे, भंगारांत द्या. पत्रकर्ते विचारतात, ‘गुरुजी, दोघांपैकीं कोणाचें ऐकूं?’

हा वाद एकट्या मुलुंडचा नाहीं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कचेऱ्यांचे जुने सर्व्हर बदलले जातात, आणि हौशी तरुण ते उचलून घरीं आणतात. म्हणून उत्तर पत्रानें न धाडतां येथेंच देतों.

ज्या भगिनींना व वडीलधाऱ्यांना हायपरव्हायझर हा शब्द नवा असेल, त्यांनीं आपलें एकत्र घरच डोळ्यांपुढें आणावें. घर एक, कोठार एक; पण प्रत्येक बिऱ्हाडाला आपली खोली स्वतंत्र वाटते, आणि कोणाला किती धान्य व किती जागा द्यावयाची तें कर्ता पुरुष ठरवितो. हायपरव्हायझर हा असा कर्ता आहे. एका यंत्राची स्मृति, डिस्क व प्रोसेसर तो अनेक आभासी यंत्रांत वांटतो, आणि एकाचा उपद्रव दुसऱ्यास होऊं देत नाहीं. कल्पना जुनी आहे. आयबीएमचें ‘व्हीएम/३७०’ १९७२ सालचें. साध्या प्रोसेसरमध्यें मात्र या कामाची अंगभूत सोय इंटेलनें २००५ मध्यें व एएमडीनें २००६ मध्यें घातली.

आतां मूळ प्रश्न. यंत्र ‘नाहीं’ म्हणतें तें दोन प्रकारचें असतें, आणि पडद्यावर दोहोंचा वेष बहुधा सारखाच दिसतो. एक असामर्थ्याचें, दुसरें निषेधाचें. पांगळ्याला पर्वत चढवत नाहीं हें असामर्थ्य. धडधाकट माणसाला रखवालदार आंत सोडीत नाहीं हा निषेध. पुतण्या व त्याचे थोरले काका यांचें भांडण याच दोहोंच्या सरमिसळींतून उद्भवलें आहे. पुतण्या प्रत्येक नकाराला निषेध समजतो, काका प्रत्येक नकाराला असामर्थ्य.

या यंत्राचीच गोष्ट घ्या. आर ७१० हें २००९ सालचें. त्यांत इंटेलच्या दोन पिढ्यांचे प्रोसेसर बसतात. ५५०० मालिकेचे नेहालेम, आणि २०१० मध्यें आलेले ५६०० मालिकेचे वेस्टमियर. पत्रावरून पुतण्याचा प्रोसेसर वेस्टमियर दिसतो. एप्रिल २०२० मध्यें ईएसएक्सआयची ७.० ही आवृत्ति निघाली, तिनें वेस्टमियरला मान्य यादींतून काढलें. परंतु सुरुवातीच्या आज्ञेंत ‘अलाउ-लेगसी-सीपीयू’ हा पर्याय जोडला तर ती चढते व चालतेहि. म्हणजे तेथें अंगांत बळ होतें, केवळ आज्ञा नव्हती. पुढें सप्टेंबर २०२३ मध्यें ८.० आवृत्तीचें दुसरें अद्यतन आलें. त्याला प्रोसेसरपाशीं ‘एक्ससेव्ह’ नांवाची सोय असावीच लागते. एका कामावरून दुसऱ्याकडे वळतांना हातांतील मजकूर जपून ठेवण्याची ती आज्ञा होय. वेस्टमियरपाशीं ती नाहीं. इंटेलच्या सर्व्हरांत ती त्यानंतरच्या सँडी ब्रिज पिढीपासून आली. येथें कितीहि मंत्र टाइप केले तरी व्यर्थ. तीन वर्षांच्या अंतरानें त्याच यंत्राला मिळालेले हे दोन नकार, पहिला निषेधाचा आणि दुसरा असामर्थ्याचा.

मग ७.० चढवून मोकळें व्हावें काय? माझें मत नाहीं असें आहे. त्या आवृत्तीला मिळणारा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. यापुढें तिच्यांत जें छिद्र सांपडेल तें तसेंच राहणार. शिवाय व्हीएमवेअर कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रॉडकॉमनें घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्यें विनामूल्य ईएसएक्सआय बंद झाली आणि एप्रिल २०२५ मध्यें पुन्हा मिळूं लागली, ती ८.० च्या तिसऱ्या अद्यतनाची, म्हणजे नेमकी या यंत्रावर न चालणारी. तेव्हां हा रस्ता दोन्ही टोकांस बंद आहे असें समजावें.

उघडा आहे तो दुसरा. लिनक्सच्या गाभ्यांत फेब्रुवारी २००७ पासून ‘केव्हीएम’ नांवाचा हायपरव्हायझर आहे, आणि त्यावर रचलेली ‘प्रॉक्समॉक्स’ ही व्हिएन्नाच्या कंपनीची प्रणाली विनामूल्य मिळते. जुन्या यंत्रांविषयीं लिनक्सची वृत्ति पुष्कळ उदार आहे. पण उदार म्हणजे अडचणीवांचून नव्हे, आणि येथें पुतण्यास कांहीं गोष्टी क्रमानें पाहाव्या लागतील.

सर्वांत आधीं बायॉस. पुष्कळ जुन्या सर्व्हरांत आभासी यंत्रांची ती अंगभूत सोय बंद करून ठेवलेली असते. प्रणाली चढते, परंतु पहिलें आभासी यंत्र सुरू करतांच ‘केव्हीएम उपलब्ध नाहीं’ अशी तक्रार येते. बायॉसमध्यें प्रोसेसरच्या पानावर जाऊन ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ चालू करावी, मग यंत्र पूर्ण बंद करून वीज काढून पुन्हा लावावें. नुसतें रीस्टार्ट कित्येकदां पुरत नाहीं. पडद्यावर चित्रमय पान न उमटतां अंधारच राहिला, तर प्रॉक्समॉक्सचा केवळ अक्षरांचा इन्स्टॉलर निवडावा. आठव्या आवृत्तीपासून तो आहे. आणि प्रोसेसर नेहालेम निघाला तर आणखी एक खोडी. आठव्या आवृत्तीपासून प्रॉक्समॉक्स नव्या आभासी यंत्राला जो प्रोसेसरचा प्रकार आपण होऊन देतें, त्यांत ‘एईएस’ ही गूढलेखनाची सोय गृहीत असते. ती वेस्टमियरला आहे, नेहालेमला नाहीं. तेथें प्रकार बदलून ‘होस्ट’ ठेवला कीं यंत्र उठतें.

याहून घोटाळ्याचा प्रसंग म्हणजे ‘नेटवर्क कार्ड सांपडलें नाहीं’ हा लेख. तो वाचून पुष्कळ जण कार्ड जळालें असें धरून चालतात. भाट्ट मीमांसक व वेदान्ती अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात, म्हणजे वस्तु दिसत नाहीं यावरून ती नाहीं असें जाणणें. परंतु अट अशी कीं, वस्तु असती तर दिसली असती, इतकी पाहण्याची सामग्री पुरी असली पाहिजे. अंधाऱ्या खोलींत घडा दिसला नाहीं, एवढ्यावरून घडा नाहीं असें ठरत नाहीं. येथें दिवा म्हणजे ड्रायव्हर. ईएसएक्सआयमध्यें पूर्वीं लिनक्सचे ड्रायव्हर उसने घेऊन चालविणारा एक थर होता, ७.० मध्यें तो काढून टाकला, आणि रिअलटेकच्या स्वस्त कार्डांसाठीं हौशी मंडळींनीं रचलेले ड्रायव्हर त्याबरोबर निरुपयोगी झाले. कार्डें होतीं तेथेंच होतीं, दिवा विझला. म्हणून कोणताहि भाग मेला असें ठरविण्यापूर्वीं पेनड्राइव्हवरून चालणारें एखादें लिनक्स लावून तो भाग तेथें दिसतो काय हें पाहावें. दिसला तर दोष ड्रायव्हरचा. मग ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रस्त्यावर इंटेलचें जुनें कार्ड शोधणें हाच स्वस्त उपाय.

डिस्कच्या कार्डाविषयीं मात्र सांभाळून. त्या काळच्या कित्येक डेल सर्व्हरांत ‘पर्क ६/आय’ हें कार्ड असे. त्याला दोन टेराबाइटच्या पुढचें मोजतांच येत नाहीं. चार टेराबाइटची नवी डिस्क आणून लावली तरी अर्धी वाया जाणार; येथें ड्रायव्हर शोधीत रात्र जागविणें व्यर्थ. शिवाय अशा रेड कार्डानें मांडलेल्या डिस्का बहुधा त्याच कुळांतलें कार्ड वाचूं शकतें. उद्यां कार्डच गेलें तर डिस्का धड असूनहि आंतला मजकूर हातीं लागत नाहीं.

निर्मात्यानें हात काढून घेणें या देशाला नवें नाहीं. १९७८ सालीं आयबीएम भारतांतून गेली. तिचीं यंत्रें येथेंच राहिलीं आणि त्यांची देखभाल सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशननें पत्करली. यंत्रें चाललीं तीं जाणत्या माणसांच्या व सुट्या भागांच्या जोरावर. घरच्या सर्व्हरामागें असें महामंडळ नाहीं. एक पुतण्या आहे. आणि त्याला उद्यां बंगळुरास नोकरी लागली म्हणजे काय, हा प्रश्न थोरल्या बंधूंनीं विचारला असता तर तो भंगाराच्या गोष्टीहून अधिक शहाणपणाचा ठरला असता.

यास्तव माझा निर्णय असा. सर्व्हर ठेवावा, त्यावर प्रॉक्समॉक्स चढवावें, आणि मुलांचा अभ्यास त्यावर खुशाल चालूं द्यावा. बिघडवून पुन्हा उभारण्याचें शिक्षण दुसऱ्या कोणत्या यंत्रावर मिळणार? छायाचित्रें ठेवावीं, पण तेथील प्रत ही दुसरी प्रत असावी. आजोबांच्या पोथ्यांच्या प्रतिमांना मात्र तीन ठिकाणें हवींत. या यंत्रांत एक, कपाटांतील सुट्या डिस्कवर एक, आणि घराबाहेर, डोंबिवलीस वा पुण्यास जेथें कोणी आप्त असतील तेथें, एक. दोन डिस्कांवर एकच मजकूर लिहिणाऱ्या रेडला कोणी प्रत म्हणूं नये. चुकून पुसलेलें पान ती दोन्हीकडून इमानानें पुसते. बायॉसमध्यें काय बदललें, कोणतें कार्ड बसविलें, परवलीचे शब्द कोठें आहेत, हें सर्व पुतण्यानें वहींत मराठींत लिहून ती वहिनींच्या स्वाधीन करावी.

विजेचा हिशेबहि मांडून ठेवतों. असा सर्व्हर सरासरी दोनशे वॅट घेतो असें धरलें, तर दिवसरात्र चालू ठेवल्यास महिन्यास १४४ युनिटें होतात. पंख्यांचा आवाज वेगळाच; देवघराशेजारीं वा आजारी माणसाच्या खोलींत तो ठेवूं नये. रात्रीं बंद करण्याचा नेम केला तर बिल उतरेल. आणि यंत्र खरोखर थकलें म्हणजे भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकतां अधिकृत ई-कचरा केंद्रास द्यावें. त्याविषयींचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

राहिला हिशेबाचा प्रोग्रॅम. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीं संपला, म्हणून त्या आभासी यंत्राला इंटरनेट मुळींच देऊं नये. हलविण्याची घाई तर नकोच. वर्षअखेरचे ताळेबंद जुन्याच संगणकावर पुरे होऊं द्यावेत. मग एप्रिलपासून दोन महिने त्याच नोंदी दोन्हीकडे घालाव्यात, दर शनिवारीं बाकी ताडून पाहावी, आणि एकदां तरी आभासी यंत्र मुद्दाम पुसून बॅकअपवरून पुन्हा उभें करून थोरल्या बंधूंना दाखवावें. त्यांनीं मान डोलावली कीं जुना संगणक काढण्यास माझी हरकत नाहीं.