औषधनिर्मितीचा खर्च : अनुमान आणि न्याय

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात हिरडा, बेहडा व आवळा ही तिन्ही फळे मिळतात. म्हणून त्रिफळा चूर्ण येथे स्वस्तातच तयार व्हावे, अशी समजूत आहे. मात्र एक किलो चूर्णास नेमका खर्च किती, या प्रश्नाचे उत्तर बहुधा अंदाजानेच दिले जाते. हा अंदाज शास्त्रशुद्ध असावा आणि तो करताना वनोपज गोळा करणाऱ्याचा मोबदला नजरेआड होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चरकसंहितेने अनुमान हे प्रमाण मानले, पण ते प्रत्यक्षावर आधारलेले असावे असेही सांगितले. लिनिअर रिग्रेशन, म्हणजेच रेषीय प्रतिगमन, ही अशीच रीत आहे. प्रत्येक खेपेचे उत्पादन व एकूण खर्च आलेखावर मांडून त्या बिंदूंना सर्वांत जुळणारी सरळ रेषा काढावयाची. यासाठी वापरली जाणारी न्यूनतम वर्गांची पद्धत फ्रेंच गणिती लजाँद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली.

समजा, एका निर्मात्याने २०, ४०, ६०, ८० व १०० किलोच्या पाच खेपा केल्या आणि त्यांस अनुक्रमे १४,२५०, १८,६५०, २४,१००, २८,८५० व ३४,१५० रुपये खर्च आला. या काल्पनिक आकड्यांतून निघणारी रेषा अशी : खर्च = ९,००० + २५० × किलो. यातील ९,००० रुपये हा जागा, परवाना, तपासणी, नोंदवह्या यांचा स्थिर खर्च. २५० रुपये हा प्रत्येक किलोमागे वाढणारा खर्च. म्हणजे २० किलोच्या खेपेत किलोचा खर्च ७०० रुपये, तर १०० किलोच्या खेपेत ३४० रुपये पडतो. २००० साली अनुसूची ‘टी’ लागू झाल्यावर औषधांची गुणवत्ता राखण्यास मदत झाली. पण तिच्या अटींमुळे स्थिर खर्चाचा भार लहान निर्मात्यास अधिक जाणवतो, त्याचे कारण या गणितात आहे.

या निर्मात्याने उद्या तेच चूर्ण २४० रुपयांस देऊ केले, तर वैद्याने आनंद मानू नये. वाढीव खर्चही न भरून काढणाऱ्या किमतीमागे भेसळ, जुना माल किंवा कोणाची तरी बुडालेली मजुरी असण्याचा संभव असतो.

या रेषेच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. १०० किलोपर्यंतच्या नोंदींवरून ५०० किलोचा खर्च सांगणे धाडसाचे आहे. तेथे यंत्र, कोठार, मनुष्यबळ सारेच बदलते. ओला आवळा व सुकलेला आवळा यांची वजने एकाच रकान्यात लिहिली, तर उत्तरही चुकीचेच येईल.

सर्वांत मोठी मर्यादा नैतिक आहे. रेषा झालेला खर्च सांगते, व्हावयास हवा होता तो नव्हे. फळे वेचणाऱ्यास वर्षानुवर्षे अल्प दाम मिळाला असेल, तर तो अन्याय २५० या आकड्यात निमूटपणे दडून बसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून तेथील ग्रामसभेने स्वतः बांबूची विक्री केली. दर ठरविणारा पक्षच जेथे बदलतो, तेथे जुन्या वह्यांवरून काढलेली रेषा निरुपयोगी ठरते. नव्या, न्याय्य दरांच्या नोंदींवरून ती पुन्हा काढावी लागते.

म्हणून निर्मात्यांनी प्रत्येक खेपेची नोंद ठेवताना कच्च्या मालाचा दर व वेचणाऱ्याचा मोबदला वेगळ्या रकान्यांत लिहावा आणि वैद्यबंधु-भगिनींनी औषध घेताना ही नोंद आवर्जून मागावी. औषध रुग्णास परवडले पाहिजे, हे खरेच. परंतु त्याची स्वस्ताई अरण्यात राबणाऱ्या हातांनी सोसावी, हे आयुर्वेदास शोभणारे नाही.