तारखेची वाट पाहणारा हक्क

राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात निवडणुकीचे प्रकरण वेगळे असते आणि मूलभूत हक्कांचे वेगळे. त्यामुळे या दोहोंचा परस्परांशी फारसा संबंध नाही, अशी आपणा विद्यार्थ्यांची समजूत होते. मला ही समजूत घातक वाटते. ज्याला खटल्यावाचून तुरुंगात डांबता येते, त्याच्या मताला किंमत ती काय? आणि ज्या सत्ताधाऱ्याच्या निवडणुकीला न्यायालयात आव्हानच देता येत नाही, त्याला नागरिकाच्या हक्काची पर्वा कशाला?

१९७५ साली या दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनला आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. पुढच्याच वर्षी, आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने दिला. विरोधात उभे राहिले ते एकटे न्यायमूर्ती खन्ना.

अलाहाबादच्या त्या खटल्यात राजनारायण यांचे वकीलपत्र शांतिभूषण यांच्याकडे होते. १९७७ साली ते कायदामंत्री आणि राज्यसभेचे सभासद झाले. त्यांनी संसदेत पुढे रेटलेली चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती मला फार मोलाची वाटते, कारण तिने निवडणूक आणि स्वातंत्र्य यांचा एकत्र विचार केला. सहा वर्षे झालेली लोकसभेची मुदत तिने पुन्हा पाच वर्षांवर आणली. पंतप्रधानांच्या निवडणुकीला दिलेले कवच काढून घेतले. मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयावाचून आणीबाणी पुकारता येणार नाही आणि आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, असे तिने घटनेतच लिहून ठेवले.

मूळ विधेयकात आणखी एक कलम होते. खुल्या व निर्भेळ निवडणुकांना किंवा मूलभूत हक्कांना बाध आणणारा बदल करायचा झाल्यास जनतेचा कौल घ्यावा, असे ते सांगत होते. ऑगस्ट १९७८ मध्ये राज्यसभेने ते फेटाळले. एवढ्या मोठ्या देशात सार्वमत घेणे सोपे नव्हे, हा आक्षेप मी समजू शकतो. निदान तिथे उघड चर्चा झाली, मतदान झाले.

मला खरा सल आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. याच दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला लगाम घातला होता. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून कुणालाही तीन महिन्यांपर्यंत अडकवून ठेवता येते, ती मुदत दोन महिन्यांवर आणली होती. हे मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमावे आणि त्याचा अध्यक्ष विद्यमान न्यायाधीश असावा, असेही ठरले होते. दोन्ही सभागृहांनी हे कलम मंजूर केले. १९७९ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. परंतु कोणते कलम केव्हापासून लागू करायचे, ती तारीख ठरवण्याचे काम सरकारकडे सोपवलेले होते. इतर कलमांना तारखा मिळाल्या, तिसऱ्याला आजतागायत मिळालेली नाही!

१९७७ साली तुरुंगातूनच लोकसभेवर निवडून आलेले धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना १९८० साली राष्ट्रीय सुरक्षेच्या वटहुकुमाखाली पुन्हा स्थानबद्ध केले गेले. त्यांच्या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तारीख ठरवण्याची सक्ती आम्ही सरकारवर करू शकत नाही, असे बहुमताने १९८१ साली सांगितले. न्यायमूर्ती गुप्ता व न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी याला असहमती नोंदवली.

याचा दोष एकाच पक्षाच्या माथी मारता येणार नाही. १९७५ साली आपल्याच राज्यात, बंगळूरच्या तुरुंगात, वाजपेयी, अडवाणी आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते स्थानबद्ध होते. पुढे तिघेही केंद्रात सत्तेवर आले. तरी ती तारीख काही उगवली नाही. तुरुंगाची भिंत आतून पाहिलेल्यांनाही सत्तेच्या खुर्चीवरून ती वेगळी दिसू लागते की काय, कोण जाणे.

देशाच्या सुरक्षेसाठी स्थानबद्धता हवीच, असे कुणी म्हणेल. पण हे कलम ती रद्द करत नाही. ते फक्त मुदत कमी करते आणि निःपक्ष न्यायाधीशांची नजर मागते. एवढेही ज्या सरकारला जड वाटते, त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचा अधिकार आपल्याला आहे.

मित्रहो, १९८९ पासून अठराव्या वर्षी मत देण्याचा हक्क आपल्याला मिळाला आहे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार मत मागायला येतील, तेव्हा रस्ते आणि पाणी यांबरोबर एक प्रश्न त्यांना जरूर विचारा: संसदेने मंजूर केलेल्या या कलमाची तारीख लोकसभेत तुम्ही मागणार की नाही? प्रश्न मराठीत विचारा किंवा कन्नडमध्ये, उत्तर मात्र स्पष्ट घ्या.