पूल हवा, भराव नको

खाडीवर पूल बांधावयाचा म्हटले की दोन पक्ष उभे राहतात. एकाला पाणथळ जागा म्हणजे वाया गेलेली जमीन वाटते, तर दुसऱ्याला प्रत्येक पूल हा निसर्गावरील घाला वाटतो. वस्तुतः पूल हवा की नको, यापेक्षा तो कसा बांधावयाचा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

पाणथळीचे प्राण भरती-ओहोटीत असतात. भरतीबरोबर गाळ येतो, गाळात तिवरांची झाडे रुजतात आणि त्यांच्या आश्रयाने निवटे, चिंबोऱ्या, कोळंबी वाढतात. खांबांवरील पूल हे पाणी थोडेच अडवितो. मातीचा भराव मात्र खाडीचा गळाच आवळतो. एकोणिसाव्या शतकातील माहीमच्या कॉजवेने आणि पुढील भरावांनी मिठी नदीचे मुख आक्रसले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा या आक्रसलेल्या नदीची किंमत मुंबईकरांनी मोजली.

याउलट १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू पाहावा. २१.८ किलोमीटरपैकी सुमारे १६.५ किलोमीटर तो समुद्रावरून जातो. जहाजांच्या मार्गावर त्याचे पोलादी गाळे १८० मीटरपर्यंत लांब आहेत. गाळा जितका लांब, तितके खांब कमी. शिवडीच्या ज्या चिखलात रोहित पक्षी उतरतात, तेथे तात्पुरता पूल उभारून बांधकाम झाले आणि ध्वनिरोधकही बसविले गेले. पक्ष्यांना काहीच उपद्रव झाला नाही, असा याचा अर्थ नव्हे. परंतु तो कमी करण्याची विद्या आपल्यापाशी आहे, एवढे निश्चित.

मग ही विद्या केवळ मोठ्या सेतूंसाठीच राखून का ठेवावी? लहान खाडीवर पुलाची लांबी वाचविण्याकरिता दोन्ही तीरांवरून भराव पुढे ढकलावयाचा आणि दोन मोऱ्या ठेवून समाधान मानावयाचे, हा मोह सोडला पाहिजे. पाणथळीतील पोचमार्ग खांबांवरच असावा आणि कामासाठी घातलेला बांध काढल्याखेरीज कंत्राटदाराचे अखेरचे देयक मंजूर होऊ नये, या अटी निविदेतच हव्यात. खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच बजावले आहे.

अशा पुलास खर्च अधिक येईल, हे खरे. परंतु भरावाने वाचविलेला पैसा पुढे कोळ्याच्या रित्या जाळ्यातून आणि पुराच्या पाण्यातून वसूल होतो. तो हिशेब अंदाजपत्रकात कोण मांडणार?