गोळीबरोबर कारणही सांगावे

बंगळूरच्या जयनगरात जयदेव हृद्रोग संस्थेसारखे मोठे रुग्णालय असल्यामुळे रक्तदाबाची गोळी मिळणे तेथील मराठी कुटुंबांना दुर्घट नाही. दुर्घट आहे ते त्या गोळीचे कार्य कोणी समजावून सांगणे, आणि माझी तक्रार नेमकी त्याविषयी आहे.

एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल ही रक्तदाबाची औषधे ज्या वर्गात मोडतात त्याची रीत अशी, की मूत्रपिंडाला रक्त अपुरे पोचते असे वाटताच ते रेनिन हे द्रव्य सोडते, त्याच्या योगाने यकृतातून आलेल्या एका प्रथिनापासून अँजिओटेन्सिन-१ निर्माण होते, आणि मुख्यतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर वास करणारे एसीई हे विकर त्याचे अँजिओटेन्सिन-२ मध्ये रूपांतर करते. हे दुसरे द्रव्य रोहिण्या आवळते आणि अल्डोस्टेरॉनच्या द्वारे शरीरात मीठ व पाणी साठवून ठेवते. गोळी त्या विकरालाच अटकाव करते. साहजिकच रोहिण्या सैलावतात आणि दाब उतरतो.

या औषधांचा उगम विषात आहे. ब्राझीलमधील जराराका सर्पाच्या विषात ब्रॅडिकायनिन या रोहिण्या सैलावणाऱ्या द्रव्याचा प्रभाव वाढविणारा अंश आहे, हे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ च्या सुमारास दाखविले. त्या धाग्यावरून कुशमन व ओंडेट्टी यांनी स्क्विब कंपनीत कॅप्टोप्रिल सिद्ध केले, आणि १९८१ साली त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली.

तेच ब्रॅडिकायनिन माझ्या तक्रारीच्या मुळाशी आहे. एसीई त्याचाही नाश करीत असते. विकर अडले की ते साठते, रोहिण्या आणखी सैलावतात, परंतु कित्येकांचा घसा खवखवून कोरडा खोकला जडतो, तोही बहुधा काही आठवड्यांनी, म्हणजे गोळीशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानातही येऊ नये अशा वेळी. बंगळूरमध्ये तर धूळ, परागकण आणि गारवा हे आरोपी आधीच हजर असतात. मग खोकल्याचे औषध, मग क्ष-किरण, आणि शेवटी वैतागून रुग्ण आपल्याच मुखत्यारीने रक्तदाबाची गोळी बंद करतो, हा प्रकार मला अक्षम्य वाटतो, कारण सहसा असा खोकला न आणणाऱ्या सार्टन या दुसऱ्या वर्गातील औषध देऊन तो सहज टळला असता.

याहून गंभीर सूचना दोन. गर्भवती स्त्रीने ही गोळी घेऊ नये, गर्भास अपाय होतो. आणि ओठ, जीभ वा चेहरा सुजल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाचे कार्य व पोटॅशियम यांची तपासणी औषध सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत व्हावी, हेही सांगितलेच पाहिजे.

हे सारे सांगावयास दोन मिनिटे पुरतात. कानडीत सांगावे, मराठीत सांगावे. वृद्ध रुग्णास कमी ऐकू येत असेल तर मोठ्या अक्षरांत औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावे, आणि पुढील भेटीत वैद्यांनी रक्तदाब मोजण्यापूर्वी खोकल्याची चौकशी करावी.