डिसेंबरातली परीक्षा आणि फडावरचे मूल

स्पर्धापरीक्षांच्या गणितासाठी आठवीच्या मुलांना तयार करणारे शिकवणीवर्ग शहरात आहेत. फी भरू शकणाऱ्यांची मुले तेथे तयार होतात. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठी केंद्र सरकारने २००८ साली शिष्यवृत्ती योजना सुरू केली. आठवीत परीक्षा; बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९०, त्यांत गणिताचे २०. निवड झाल्यास नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये. योजना चांगली आहे. परंतु अलीकडे ही परीक्षा होते डिसेंबरात, आणि गंगाखेड, पालम, सोनपेठ भागांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, ती मार्च-एप्रिलात परततात. ज्यांच्यासाठी परीक्षा, त्यांचीच मुले त्या वेळी फडावर! यात कुणाचा कट नाही. वेळापत्रक आखताना श्रमिकाचे वर्ष कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हते, इतकेच.

हंगेरीत १८९४ साली दानिएल अरानी या शाळामास्तराने ग्योर या गावातून विद्यार्थ्यांसाठी गणिताचे मासिक काढले. त्यातील उदाहरणे सोडवून मुले टपालाने उत्तरे पाठवीत. पॉल एर्डोश यांच्यासारखे थोर गणिती पुढे याच मासिकाची उदाहरणे सोडवीत वाढले. त्यासाठी लागला तो कागद, टपाल आणि चिकाटीचा शिक्षक.

आपल्या कार्यकर्त्यांना एवढे करणे अशक्य नाही. तयारी सातवीतच सुरू करावी आणि आठवीत जून ते दसरा या काळात पुरी करावी. पुढे आठवड्याला पाचच उदाहरणांचा कागद हंगामी वसतिगृहांत आणि कारखान्यावरील कोप्यांत पोहोचवावा. मुलाने केवळ उत्तर न देता रीत लिहावी; शिक्षकाने चूक कोठे झाली ते दाखवून कागद परत करावा. पर्यायांवर खुणा करण्याच्या सरावाने गुण वाढतील, विचार वाढणार नाही. शिवाय फडाजवळच्या केंद्रावर परीक्षेला बसता यावे, यासाठी राज्य परीक्षा परिषदेकडे आग्रह धरला पाहिजे.

आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. उचल किती, टनाचा दर काय, तोड किती झाली, वजावट किती, हे गरिबाच्या घरचे खरे गणित होय. असे तयार झालेले मूल ऑलिंपियाडला जाईल वा न जाईल. पण बापाची फिटलेली उचल ते मुकादमाच्या वहीत पुन्हा चढू देणार नाही.