अनोळखी माणसाचा मेल

साताऱ्याच्या एका वाचकांनी या सदरासाठी प्रश्न धाडला आहे: "ज्यांना मी आधी होकार दिलाय तेवढ्यांचेच मेल यावेत, बाकीचे बाहेरच्या बाहेर कटावेत, अशी सोय कुणी का काढत नाही?" वैताग रास्त आहे. सोबत त्यांनी एका सकाळी आलेल्या मेलची यादीच जोडली आहे. विनाकागदपत्रं कर्ज, गुडघेदुखीचं तेल, नवी मुंबईतले फ्लॅट, न काढलेल्या तिकिटावर लागलेली लॉटरी, आणि या गर्दीत दबून गेलेली भाचीच्या लग्नाची पत्रिका.

तर, अशी सोय निघाली होती. वीसेक वर्षांपूर्वी ती चांगली गाजलीही. पुढे मागे पडली आणि माझ्या मते ते बरंच झालं. फक्त तिच्यातला अर्धा भाग टाकून द्यायला नको होता.

मूळ दुखणं खर्चाचं आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे चारशे जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकगठ्ठा पाठवलं. पत्ते इतके होते की ठरलेल्या जागेत मावेनात, ते खालच्या मजकुरातच सांडले. लोक खवळले, थर्क यांना तंबी मिळाली. पण त्या मेलमुळे विक्री झाली, हे ते पुढे अभिमानाने सांगत राहिले. स्पॅमचं सगळं अर्थशास्त्र या पहिल्याच प्रकरणात आलं. पूर्वी टपालाने नॉटपेड पत्र यायचं. पाठवणाऱ्याने तिकीट लावलेलं नसे, भुर्दंड घेणाऱ्याला, तोही दुप्पट. पण ते पोस्टमनच्या हाती परत देता यायचं. स्पॅम हे परत न देता येणारं नॉटपेड पत्र आहे.

मग पाठवणाऱ्याला थोडी तरी झळ बसावी म्हणून डोकी चालू लागली. १९९२ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या संशोधकांनी सुचवलं की मेल पाठवण्याआधी पाठवणाऱ्याच्या संगणकाने एक छोटं गणित सोडवावं. चार मेल पाठवणाऱ्याला ते जाणवणारही नाही, दहा लाख पाठवणाऱ्याचं मात्र कंबरडं मोडेल. १९९७ मध्ये अ‍ॅडम बॅक यांनी त्याच वाटेने जाणारं ‘हॅशकॅश’ काढलं. मेलच्या दुनियेत त्याला फारसं कुणी विचारलं नाही. पुढे तेच तंत्र बिटकॉइनच्या पायात बसलं. जाहिराती अडवायला निघालेली कल्पना सट्टेबाजारात जाऊन पोचली, हे आपल्या काळाला शोभून दिसतं.

साताऱ्याच्या वाचकांना हवी असलेली सोय याच विचाराची बहीण, फक्त इथे कष्ट संगणकाऐवजी माणसाने करायचे. अनोळखी पत्त्यावरून मेल आला की तो बाजूला अडवून ठेवायचा आणि पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर टाकायचं: आपण मला प्रथमच लिहीत आहात, खालच्या लिंकवर जा आणि चित्रातली वेडीवाकडी अक्षरं टाइप करा. त्याने ते केलं की मेल आत आणि पत्ता कायमचा मंजूर. नाही केलं तर काही दिवसांनी मेल कचऱ्यात. टीएमडीए ही फुकट मिळणारी प्रणाली, स्पॅम अरेस्ट, मेलब्लॉक्स या कंपन्या हेच करत. २००३ मध्ये अर्थलिंक या अमेरिकेतल्या मोठ्या इंटरनेट कंपनीनेही ग्राहकांना ही सोय दिली. वारं असं होतं की जानेवारी २००४ मध्ये बिल गेट्स यांनी दावोसमध्ये सांगून टाकलं, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न मिटलेला असेल.

मिटला नाही, हे आपण सगळे जाणतोच.

पहिली गोम अशी की मेलवर प्रेषक म्हणून जे नाव दिसतं ते खरं असण्याची सक्ती मुळात कुणी केलीच नव्हती. मेलच्या देवाणघेवाणीचे १९८२ साली लिहिले गेलेले नियम एकमेकांवर भरवसा ठेवणाऱ्या थोड्या लोकांसाठी होते. प्रेषकाच्या जागी जे लिहाल ते चाले. त्यामुळे स्पॅमवाला स्वतःचा पत्ता कशाला देईल? तो नागपूरच्या कुणा शिक्षिकेचा पत्ता उचलणार. आता त्याचे लाखभर मेल सुटले की अडवणारी प्रत्येक यंत्रणा "आधी ओळख पटवा" म्हणत त्या बाईंच्या दारात उभी. ज्याने खोडी काढली त्याच्यापर्यंत एकही उत्तर जात नाही, आणि जिने काहीच केलं नाही तिची पेटी तुंबते. स्पॅम रोखणारी सोय स्वतःच स्पॅम वाटत सुटली. स्पॅमकॉपसारख्या काळ्या याद्या चालवणाऱ्यांनी मग या उत्तरांनाही स्पॅमच धरायला सुरुवात केली.

दुसरी गोम यंत्रांची. रेल्वेचं तिकीट, परीक्षेचं प्रवेशपत्र, विसरलेल्या पासवर्डची लिंक हे सगळं यंत्र पाठवतं. चित्रातली अक्षरं ओळखायला पलीकडे कुणी बसलेलंच नसतं. दोघांकडेही अशीच यंत्रणा असली तर ‘पहले आप’ सुरू होण्याची भीती होती. पण आपण ज्याला लिहू त्याचा पत्ता आपोआप मंजूर, अशी तोड शहाण्या प्रणालींनी त्यावर काढली होती.

माझा खरा आक्षेप तिसरा आहे. दिवाळी अंकाचा संपादक घ्या. त्याचा धंदाच मुळी अनोळखी माणसांच्या मेलवर चालतो. उदगीरची एखादी मुलगी पहिलीच कथा पाठवते. चार वेळा वाचून, युनिकोडमध्ये टाइप करून, वर अक्षरं फुटली तर असू द्यावी म्हणून पीडीएफही जोडून. पाठवताना हात थबकलेला असतो. पाच सेकंदांत उलट उत्तर येतं, इंग्रजीत: तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, इथे क्लिक करा. बँका, पोलीस, शाळेच्या पालकसभेतले सायबरवाले, झाडून सगळे तिला एकच सांगत आले आहेत, की अनोळखी लिंकवर क्लिक करायचं नाही. ती शहाणी असेल तर करणार नाही. तिची कथा कचऱ्यात जाईल आणि संपादकाला ती आली होती हेही कळणार नाही. फ्लॅट विकणारा मात्र दिवसभर अक्षरं टाइप करायला पोऱ्या बसवेल. त्याला ते परवडतं. म्हणजे ही चाळणी संकोची माणसाला गाळते आणि निर्लज्ज माणसाला आत सोडते.

स्पॅम रोखण्याच्या शर्यतीत शेवटी दुसरा मार्ग जिंकला. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एका लेखात मांडलं की मेलमधल्या शब्दांवरून संभाव्यता काढून स्पॅम ओळखता येतो. कल्पना अगदी नवी नव्हती, पण त्या लेखाने ती घरोघरी नेली. २००४ मध्ये जीमेल आलं आणि गाळण्याचं काम आपल्या नकळत होऊ लागलं. आज त्यावाचून दिवस ढकलणं अशक्य आहे, हे कबूल. पण कुणाचा मेल आत घ्यायचा हे आता मी ठरवत नाही, कंपनी ठरवते, आणि का ते सांगत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवायचे तर पत्ता खरा असल्याचा तांत्रिक पुरावा हवा, एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय हवी, तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत हवं. अटी योग्यच आहेत. त्यांनी उदगीरच्या मुलीचं काही अडत नाही. पण पाठवणारा कोण हे कळलं म्हणून त्याचा मेल मला हवा आहे असं होत नाही.

हा फरक आपल्याकडे एसएमएसच्या बाबतीत ढळढळीत दिसतो. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८ च्या नियमांनुसार घाऊक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपलं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवायचा, तोही ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्याच जातीच्या सामायिक नोंदवहीत. हॅशकॅशची दूरची भावकी इथेही भेटते. पाठवणाऱ्याला आधी मंजुरी, हे तत्त्व एवढ्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच राबवलं गेलं असेल. ८ मार्च २०२१ रोजी साच्यांची काटेकोर तपासणी सुरू झाली आणि देशभर ओटीपी अडकले. बऱ्याच कंपन्यांनी साचे नोंदवलेच नव्हते. दुसऱ्याच दिवशी ट्रायने तपासणी आठवडाभरासाठी थांबवली. पुढे घडी बसली. २०२५ पासून तर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. आता फोन उघडून पाहा. पीवाल्यांची नोंदणी चोख असते, पण त्यातले किती तुम्हाला हवे होते? आणि ज्यांना नोंदणी नकोच होती ते दहा आकडी नंबर घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर गेले.

म्हणून मंजुरीचा अधिकार घेणाऱ्याकडेच हवा, साताऱ्याच्या वाचकांचं हे म्हणणं मला पटतं. फक्त ती मंजुरी गुपचूप असावी. बेसकॅम्प या कंपनीने जून २०२० मध्ये ‘हे’ नावाची मेलसेवा आणली, तिने जुन्या कल्पनेतला नेमका हाच अर्धा भाग उचलला. पहिल्यांदा लिहिणाऱ्याचा मेल वेगळ्या जागी थांबतो. तुम्ही सवडीने पाहता, हो किंवा नाही म्हणता. पाठवणाऱ्याला यातलं काही कळत नाही, त्याला कसली परीक्षा द्यावी लागत नाही. नकार दिलात तर पुढचे त्याचे मेल तुमच्यापर्यंत येत नाहीत. कष्ट तुमचे, पण एका माणसामागे एकदाच. वर्षाला ९९ डॉलर मोजून हे घ्यावं असं मात्र मी म्हणणार नाही.

फुकटातही बरंच जमतं. आउटलुकमध्ये फक्त विश्वासातल्या यादीतलेच मेल मुख्य पेटीत घ्यायची सोय आहे. बाकीचे जंकमध्ये पडतात, ते आठवड्यातून एकदा चाळायचे. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून कुठलाही शब्द जोडला तरी मेल आपल्यालाच येतो. चपलांच्या दुकानाला ‘चप्पल’ जोडलेला पत्ता द्यायचा. उद्या त्या पत्त्यावर कर्जवाले लिहू लागले की पत्ता कुणी विकला ते कळतं आणि तेवढीच वाट बुजवता येते. काही वेबसाइटना हे चिन्ह चालत नाही, आणि चलाख पाठवणारा ते काढूनही टाकतो. तरी घरच्यांना आणि बँकेला एक पत्ता, दुकानांना दुसरा, एवढी शिस्त पाळली तरी लग्नपत्रिका दबत नाही.

स्वतःच्या पेटीला कुणी कितीही कड्या लावाव्यात. पण काही पत्ते खाजगी नसतात. तहसील कचेरी, विद्यापीठाचा परीक्षा विभाग, सरकारी रुग्णालय, नगरपालिकेचा पाणीपुरवठा, इथे लिहिणारा माणूस जवळजवळ नेहमीच अनोळखी असणार आणि अनेकदा अडलेलाही असणार. त्याला "आधी मंजुरी घ्या" म्हणणं तर गैरच, पण न कळवता बाजूला टाकणं त्याहून वाईट. कारण आपला अर्ज पोचला असं समजून तो वाट पाहत बसतो. अशा पत्त्यांवरचा ढीग यंत्राने आधी चाळावा, मात्र जंक समजून टाकलेलंही रोज माणसाने डोळ्यांखालून घालावं. प्रत्येक कचेरीत आवक-जावकला कारकून असतोच. आलेला प्रत्येक कागद वहीत चढवणं हे त्याचं काम आहे, मग आलेला मेल त्याच वहीत चढवायला अडचण काय आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.